जोतीरामच्या नावची घागर

१२ नोव्हेंबर १९७२

चि. जोतीराम,

तुझ्या आईचे आशीर्वाद. ती चुलीपुढं बसून सांगते आहे आणि मी नुसता लिहितो आहे, तेव्हा अक्षर माझं असलं तरी शब्द तिचे समज.

तुझा मासा चांगला आहे. दस्तगीरनं उन्हाळ्यात ट्रकमधून काचेची पेटी आणून उतरवली, तेव्हा तो वीतभर होता. आता दीड वीत सहज भरेल. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस तसं सकाळ-संध्याकाळ तांब्या उंच धरून पाणी ओततो, म्हणजे त्यात हवा मिसळते. दिवसभर लाकडाच्या आड दडून असतो. मी त्याला रिक्रूट म्हणतो, कारण हजेरीच्या वेळी हा हमखास गैरहजर. अंधार पडला की पोट काचेला चिकटवून वर चढतो, लाल डोळे फिरवतो आणि मग लाकडाला लागतो. सुकं खोबरं किसल्यासारखा आवाज येतो. सकाळी तळाशी भुसा साचलेला असतो. पेरूची फांदी त्यानं महिन्याभरात निम्मी केली, आता आंब्याचा ओंडका चालू आहे.

मासा आला तेव्हा सगळा गाव बघायला लोटला होता. हरिबा कोतवाल म्हणाला, लाकडं खातोय म्हणजे हा मसणवटीतला हाय का काय. तुझ्या आईला ते लागलं. तिनं त्याला चहा दिला नाही.

सांगलीपर्यंत आलास, दस्तगीरच्या घरी राहिलास आणि तिथूनच परत जहाजावर गेलास, याबद्दल आई काही म्हणत नाही. चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य मात्र ती मला पुन्हा पुन्हा वाचायला लावते. "मासा सांभाळा, जहाजावरून उतरलो की त्याला न्यायला येईन." मासा आहे तोवर तू येणार, असा तिचा सरळ हिशेब आहे.  मी पाणी ओतायला चुकत नाही.

पाऊस यंदा झालाच नाही. ज्वारी वीतभर येऊन करपली. बाकी ठीक.

तुझी आई बनुबाई
हस्ते नाथाजी


७ जानेवारी १९७३

चि. जोतीराम,

आईचे आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. आईला वाचून दाखवलं. त्यात आईची चौकशी दोन ओळी, माशाची चार ओळी आणि माझी एकही नाही. मी ते कार्ड नीट उलटून पाहिलं, मागं काही असेल म्हणून. मागं आपल्या गावाचा पत्ता होता.

आई म्हणते, हे कशाला लिहिता. राहू दे, लिहून झालं.

मासा बरा आहे. लाकडाची जरा ओढाताण झाली. गावात झाड म्हणून शिल्लक नाही. पाला गुरांनी खाल्ला, फांद्या चुलीत गेल्या, आणि आता गुरंही छावणीवर गेली. बाभळ आणि लिंब घालू नका असं तू बजावलं होतंस. शेवटी माळ्यावरचा तुझा पांगुळगाडा काढला. आंब्याचा होता, जुना, चांगला मुरलेला. आईला न विचारता काढला. ती आली तेव्हा त्याची दांडी पाण्यात होती आणि तुझा रिक्रूट तिला चिकटला होता. तिनं तो नातवंडांसाठी ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणालो. माहीत होतं.

गावच्या विहिरी आटल्या. आता एक दिवसाआड टँकर येतो आणि चावडीपुढच्या गुरांच्या हौदात पाणी सोडतो. माणशी एक घागर. हरिबा कोतवाल हौदाच्या कठड्यावर उभा राहतो आणि घरागणिक माणसं पुकारतो. त्याला लिहिता येत नाही, पण कुठल्या घरात किती तोंडं ते त्याच्या जिभेवर आहे. आपलं घर आळीच्या वरच्या अंगाला, म्हणून आपली पाळी लवकर येते. पहिल्या दिवशी त्यानं पुकारलं, "हवालदार, दोन." बरोबरच पुकारलं. तू पलटणीच्या भरतीच्या रांगेतून निघून मुंबईला जहाजाच्या नोकरीवर गेलास, तेव्हा याच चावडीपुढं मी सगळ्यांना ऐकवलं होतं, आजपासून माझ्या घरात दोनच माणसं. हरिबाची स्मरणशक्ती लय चांगली.

दोन घागरींत दोन माणसं आणि एक मासा कसा भागवायचा, असा प्रश्न होता. या माशाला नुसतं पाणी असून चालत नाही. तो एवढी घाण करतो की घागरभर पाणी काढून तेवढंच ताजं घालावं लागतं. काढलेल्या पाण्यानं आई भांडी धुते.

तर पाण्याची सोय झाली आहे. कशी झाली ते पुढं कधी लिहीन.

तुझी आई बनुबाई
हस्ते नाथाजी


४ फेब्रुवारी १९७३

जोतीराम,

आई आळीच्या खालच्या टोकाला मनुबाईकडं गेली आहे. तिची सून विजयमाला बाळंत झाली आहे, मुलगा झाला. तेव्हा हे पत्र आईनं सांगितलेलं नाही. माझं आहे.

तू घरी आला आहेस.

हसू नकोस. गावात विचारलंस तर कोणीही सांगेल की हवालदारांचा जोतीराम जहाजावरून घरी आलाय. कोणी म्हणेल दाढी वाढवून आलाय, कोणी म्हणेल गोरा होऊन आलाय. मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मी एवढंच सांगितलं होतं की आलाय.

त्या दिवशी हरिबानं पुकारलं, "हवालदार, दोन." पेटीतलं पाणी आदल्या दिवसापासून गढूळ झालं होतं आणि मासा वर येऊन तोंड उघडत होता. माझ्या तोंडातून निघून गेलं, "तीन. जोतीराम आलाय." ठरवून बोललो असतो तर निदान ते पचवण्याची तयारी केली असती. हरिबा कठड्यावरून खाली उतरला. त्यानं माझे दोन्ही हात धरले. कवा आला, म्हणाला. मी म्हणालो, काल शेवटच्या गाडीनं. रांगेतल्या बायका आईकडं वळल्या. आई घागर हौदात बुडवत होती, ती बुडवतच राहिली. नवऱ्याचा शब्द चारचौघांत खाली पडू द्यायचा नाही, एवढं ती लग्नापासून पाळत आली आहे. त्या दिवशी तिनं पाळलं नसतं तर बरं झालं असतं.

हरिबानं विचारलं, "आनि मासा?" माशाला पाणी लागतं हे त्यालाही कळत होतं. मी म्हणालो, मेला.

म्हणजे एका दमात जिवंत माशाला मारलं आणि नसलेल्या पोराला घरात आणलं. पलटणीत वीस वर्षं काढली, पण एवढी मोठी कामगिरी एका दिवसात कधी केली नव्हती.

खरं तर हरिबाला म्हणता आलं असतं की गड्या, पोराचा मासा आहे, त्याला घागरभर दे. तो हसला असता. कदाचित नाही म्हणाला असता. सगळ्या गावासमोर माशासाठी पाणी मागायचं, तेही ज्या पोराला मी घरातून वजा केलं त्याच्या माशासाठी, हे माझ्याच्यानं झालं नाही.

पुढच्या पाळीपासून आई हौदावर आली नाही. मला कारण सांगितलं नाही, नुसती कावड माझ्यापुढं आणून ठेवली. तेव्हापासून पाणी मी आणतो. बायकांच्या रांगेत मी एकटा पेन्शनर. त्या पदर तोंडावर घेऊन बाजूला सरकतात, त्यात मान किती आणि हसू किती ते मी बघत नाही.

मग माणसं यायला लागली. तुला भेटायला. एकदा झोपलाय म्हटलं, एकदा विट्याला गेलाय म्हटलं. कुंडलचे एक पाहुणे तर मुलीची पत्रिका घेऊन आले. त्यांच्यापुढं बसलो. आतल्या खोलीचं दार लावलेलं, आत तुझा रिक्रूट पांगुळगाड्याचं चाक किसत होता आणि पाहुणे विचारत होते, मुलगा सुतारकाम करतो का. मी म्हणालो, त्याला कांजिण्या आल्यात, बेचैन आहे. पाहुणे चहा न घेता उठले.

तर आता तुला कांजिण्या आहेत. दाराला लिंबाचा डहाळा बांधला आहे. डहाळा शोधायलाही दोन कोस जावं लागलं. आता कोणी उंबऱ्याच्या आत येत नाही. देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, म्हणून आईनं तीही बंद केली आहे. मी म्हणालो, कोण बघायला येतंय, घाल फोडणी. ती म्हणाली, वास बाहेर जातो.

मनुबाई खडी फोडायला दुष्काळी कामावर जाते. तिथं मजुरांना खायला सुकडी देतात. ती आपल्या वाट्याची अर्धी सुकडी पदरात बांधून आणते आणि आपल्या उंबऱ्यावर ठेवून जाते. जोत्या समुद्रावरून आलाय, रेशनच्या मिलोची तांबडी भाकरी त्याच्या घशाखाली उतरायची न्हाई, म्हणते. पहिल्या दिवशी मी ती परत द्यायला हवी होती. मी खाल्ली. रोज मीच खातो. आई हात लावत नाही.

हे पत्र टाकायचं की नाही ते ठरलेलं नाही.

नाथाजी


११ मार्च १९७३

जोतीराम,

मागचं पत्र टाकलं नाही. पेटीवरच्या फळीवर आहे, हेही तिथंच जाईल बहुतेक.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. या आठवड्यापासून आपल्या गावच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून दस्तगीर आला आहे. तुझा दोस्त. हौदात नळी सोडता सोडताच हरिबानं त्याला सांगितलं की जोतीराम दोन महिन्यांपासून घरी आहे, अंगावरचे फोड अजून उतरेनात आणि मासा मेला. दस्तगीर टँकर तसाच सोडून आपल्या घराकडं पळत आला. हातात कलिंगड होतं, नदीच्या वाळूतलं.

मी दारात होतो. लिंबाचा डहाळा बघूनही तो थांबेना. म्हणाला, आबा, मला ल्हानपणीच येऊन गेल्यात, मला काय हुतंय. मी चौकटीला हात लावून आडवा उभा राहिलो. म्हणालो, देवीचं आहे, घरात पाळणूक आहे, परक्यानं आत यायचं नाही. त्याला परका म्हणालो. या पोरानं तुझी पेटी आपल्या पाठीवरून आत आणून ठेवली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं चपला काढून उंबऱ्याबाहेर बसला. 

तिथून तो आतल्या बंद दाराशी बोलायला लागला. तुझ्याशी.

"जोत्या," म्हणाला, "बोलू नगंस, पडून ऱ्हा. म्या बोलतो. मासा मेला म्हणं. मरू दे गड्या. त्याचं काम झालं. माज्या घरी त्याला जागा न्हवती व्हय? पर तू म्हणलास, आबांच्याकडं ठिवतो, आबा काय मला बोलवायचे न्हाईत, निदान मासा न्यायच्या निमतानं तरी घरात पाय ठिवता येईल. आनि आता निमताबिगरच आलास. लय झ्याक केलंस."

तेवढ्यात आत माशानं शेपूट मारली आणि पाणी हललं.

"जागा हाईस व्हय," दस्तगीर हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी चौकटीला टेकून उभा होतो. तुझी आई चुलीपाशी होती, तिनंही ऐकलं. म्हणजे ती चिठ्ठी आईला नव्हतीच. मासा माझ्याकडं ठेवला होतास. लाकूड खाणारा, दीड वितीचा, नाना तऱ्हा असलेला मासा तू सात समुद्रांपलीकडून आणलास, तो मी तुला बोलावणार नाही याची खात्री होती म्हणून.

त्याच वेळी दार उघडून दाखवायला हवं होतं. बघ बाबा, मासा आहे, पोरगा नाही. मी म्हणालो, त्याला झोप लागू दे. दस्तगीर उठला, कलिंगड ठेवलं आणि टँकरकडं गेला. आता एक दिवसाआड तो लांबूनच ओरडून विचारतो, आबा, उतार पडला का. मी हात वर करतो.

कलिंगडाची साल तुझ्या रिक्रूटनं खाल्ली. लाल गराला आईनं तोंड लावलं नाही. तिनं तो मनुबाईच्या सुनेला नेऊन दिला.

नाथाजी


१ एप्रिल १९७३

जोतीराम,

झालं ते एकदा लिहून टाकतो.

मनुबाईचं घर आळीच्या अगदी खालच्या टोकाला, म्हणून हौदावर तिची पाळी सगळ्यांत शेवटी येते. टँकर तेवढाच असतो. वरच्या घरात एक तोंड वाढलं की खालच्या घराला तळातला गाळ येतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण मी माझी पाळी झाली की कावड उचलून निघत असे, मागं वळून बघत नसे. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं.

परवा कावडीची दोरी तुटली. ती बांधेपर्यंत मी हौदावर राहिलो आणि शेवटची पाळी बघितली. मनुबाई हौदात उतरली होती. वाटीनं गढूळ पाणी खरवडून घागरीत घेत होती, घागरीच्या तोंडावर लुगड्याचा धडपा बांधून. पाणी निवळायला वेळ लागला. निवळल्यावर वरचं स्वच्छ पाणी तिनं एका तांब्यात काढलं आणि घरी जायच्या ऐवजी वेशीकडं चालायला लागली. मी हरिबाला विचारलं, ही कुठं निघाली.

हरिबा म्हणाला, "आवं तुमाला म्हाईत न्हाई? मरीआईला पाणी घालाया. जोतीरामाच्या अंगावरचं उतरंस्तवर घालीन म्हणून बोललीय ती. घरात बाळंतीण हाय, पोराला एका दिवसाआड न्हाऊ घालतीया, पर मरीआईचा तांब्या चुकवत न्हाई."

जोतीराम, मी कांजिण्या काढल्या त्या लोकांनी घरात येऊ नये म्हणून. देवीचं म्हटलं की आपल्याकडं कोणीतरी पाणी बोलणार, हे मला सुचायला हवं होतं. माझ्या आईनं माझ्यासाठी घातलं होतं, तुझ्या आईनं तुझ्यासाठी. मला ते सुचलं नाही. म्हणजे एक घागर मी माशासाठी पळवली आणि उरलेल्या गाळातला वरचा तांब्या माझ्या खोट्यापायी दगडावर जात होता. दर पाळीला.

मी तिला हाक मारली. ती थांबली. हौदावर अजून पाचपंचवीस माणसं होती, दस्तगीर नळी गुंडाळत होता. मी म्हणालो, "मनुबाई, ते पाणी घरी न्या. जोतीराम आलेला नाही. त्याला काही झालेलं नाही. मासा मेलेला नाही. तिसरी घागर माशाला जात होती."

मला वाटलं होतं कोणी तरी हसेल किंवा शिवी देईल.  दस्तगीर नळी तशीच हातात धरून उभा राहिला.

मनुबाईनं तांब्यात बघितलं, मग माझ्याकडं. "मासा व्हय," म्हणाली. तांब्या दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाली, "आवं हवालदार, मागितलं असतं तर म्या दिलंच असतं असं न्हाई म्हणत. कदाचित न्हाई म्हणाले असते. पर मागायचं व्हतं."

ती घराकडं वळली. हरिबानं कठड्यावरून विचारलं, मग नाव कमी करायचं का जोतीरामाचं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नियमाप्रमाणं विचारत होता. मी म्हणालो, कर. हे मी त्याच चावडीपुढं दुसऱ्यांदा म्हणालो.

दस्तगीर माझ्या बाजूनं गेला. त्यानं वर बघितलं नाही. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून तो एका माशाशी बोलत होता, एवढं त्याला कळलं असणार.

घरी आलो, दाराचा डहाळा सोडला. आई पेटीपाशी बसली होती. तिला सगळं आधीच कळलं होतं, आपल्या आळीत बातमी माझ्यापेक्षा भरभर चालते. मी म्हणालो, बोल काय बोलायचं ते. ती म्हणाली, "तुमाला मागाया येत न्हाई. हुकूम सोडाया येतो, न्हाईतर चोरी कराया येते. मधलं काय येतच न्हाई."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढं लांब वाक्य ती माझ्याविषयी पहिल्यांदाच बोलली.

नाथाजी


१९ एप्रिल १९७३

जोतीराम,

हे पत्र सरळ माझ्याकडून आहे.

तुझा मासा गेला. मंगळवारी दुपारी. कसा गेला ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितो.

तिसरी घागर बंद झाल्यावर पेटीतलं पाणी उतरत गेलं. आम्ही आमच्यातलं थोडं थोडं घालत होतो. आईनं दोन दिवसाआड डोकं धुणं सोडलं, मी दाढी सोडली. पण ऊन असं पडलं आहे की घातलेलं पाणी कोमट होतं आणि काचेवर वाळून पांढरी रेघ उरते. मासा तळाशी राहिनासा झाला. दिवसाढवळ्या वर यायचा, काचेला तोंड लावून जोरजोरात श्वास घ्यायचा. लाकूड खायचं त्यानं आधीच थांबवलं होतं. पांगुळगाड्याचं एक चाक तसंच राहिलं आहे.

दस्तगीर एक दिवसाआड गावात येत होता. त्याच्या घरामागं कृष्णा आहे. हंड्यात घालून मासा टँकरच्या केबिनमध्ये ठेवला असता तर संध्याकाळी तो सांगलीत असता. आई रोज सांगत होती, एकदा विचारा त्याला. मी हौदावर जायचो, पाणी घ्यायचो आणि परत यायचो. ज्याला उंबऱ्यावर बसवून मी तीन आठवडे फसवलं, त्याला कोणत्या तोंडानं म्हणू की बाबा, एवढं एक काम कर. उद्या विचारू, परवा विचारू, असं करत राहिलो. आई स्वतः जायला निघाली तेव्हा मीच म्हणालो, थांब, मी जातो. गेलो. दस्तगीर टायरमधली हवा बघत होता. मी त्याच्या मागं उभा राहिलो, तो वळला, आणि मी विचारलं, टायर कुठल्या कंपनीचा आहे.

त्यानं सांगितलं. मी बरं म्हणालो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी मासा काचेवरून सुटून खाली पडलेला होता.

दुष्काळानं मारला असं लिहिता आलं असतं. गावातही तसंच म्हणतात, माझ्यावर कोणी बोट ठेवत नाही. पण पाणी कमी होतं म्हणून तो गेला नाही. मला तोंड उघडता आलं नाही म्हणून गेला. मला त्याची लाज वाटते. गावासमोर उभा राहिलो तेव्हा वाटली होती त्याच्यापेक्षा जास्त वाटते, कारण या वेळी बघायला कोणी नव्हतं.

पेटी रिकामी केली. राहिलेलं पाणी बादलीत काढलं आणि मनुबाईकडं नेलं, बाळाचे कपडे धुवायला होईल का असं विचारलं. विचारलं, एवढं लक्षात घे. तिनं बादलीत बघितलं, वास घेतला आणि म्हणाली, नगं. मी बादली परत आणली. नाही म्हणून घेतल्यानं माणूस मरत नाही, हे पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

मग चावडीवर गेलो आणि दस्तगीरला तुझ्या जहाजाचा आत्ताचा पत्ता मागितला. मुंबईच्या कंपनीचा नव्हे, जिथं तुझ्या हातात पडेल तो. तो म्हणाला, कशाला. मी म्हणालो, मासा मेला, खरोखर मेला, आणि ते माझ्या हातून झालं, ते त्याला लिहायचं आहे. त्यानं हात पुसले. मग खिशातून पाकीट काढलं, त्यातल्या कागदावरून पत्ता वाचला आणि मी हातावर लिहून घेतला. माझ्याशी अजून तो नीट बोलत नाही. बोलावं असं मी काही केलेलंही नाही.

फेब्रुवारीपासूनची पत्रं याच पाकिटात घातली आहेत. त्या वेळी टाकली नाहीत, पण तारखा खऱ्या आहेत. वाचून राग आला तर येऊ दे.

हे पत्र आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. एरवी मी तिला वाचून दाखवताना एकदोन गोष्टी गाळतो, तिलाही ते ठाऊक असतं. या वेळी टायरचंसुद्धा वाचलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता खालचं लिवा.

खालचं लिहायला मला फार वेळ लागला. आधी लिहिलं, आईची तब्येत बरी नाही, लगेच निघ. ते खोडलं आहे, तुला दिसेल. आई ठणठणीत आहे. मग लिहिलं, शेताचं काही बघायचं आहे. बघण्यासारखं काही नाही. मासा असता तर त्याला घेऊन जा असं तरी म्हणालो असतो, आणि तूही मासा न्यायला आलोय म्हणून दारात उभा राहिला असतास, आणि आपण दोघं जेवताना माशाविषयीच बोललो असतो. तेवढ्यावर आपलं भागलं असतं. आता या घरात तुला परत येण्यासारखं काही निमित्त राहिलेलं नाही. होतं नव्हतं ते माझ्या हातानं गेलं.

म्हणून निमित्त काही लिहीत नाही. तुझ्या कामात खंड पडेल, ते मला कळतं. नाही येत असं कळवलंस तर तेही आईला वाचून दाखवीन, न गाळता.

मी बोलावतो आहे, जोतीराम. घरी ये.

तुझा बाप
नाथाजी